डाव्या बाजूच्या बाई

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येत नाहीत. ऑफिसात सुट्टीसाठी खोटं कारण सांगितलं तर साहेबांना माझ्या तोंडावरूनच कळतं. तेव्हा हे रचलेलं नाही. माझ्या मामीच्या बाबतीत हे घडलंय, आणि तिने मला ते शर्टाला बटणं लावता लावता सांगितलं, अगदी नेहमीच्या आवाजात.

त्या आवाजामुळेच मला जास्त भीती वाटली.

भुताच्या गोष्टीत रात्र लागते, सुनसान रस्ता लागतो. इथे दोन्ही नाही. भर दुपार होती. डॉक्टरकी शिकवणारं मोठं हॉस्पिटल, त्यातला मेंदूच्या ऑपरेशनचा वॉर्ड. सगळे दिवे चालू, माणसांची ये-जा, ट्रॉल्यांचा खडखडाट.

आणि तरीही...

थांबा, पहिल्यापासून सांगते.

माझा मामा कापड कापतो. शिवणारे पुष्कळ असतात, कापणारा एकच असतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. उजव्या हातात कात्री, डावा हात कापडावर. डाव्याने कापड नीट धरलं नाही, तर उजव्याची सगळी हुशारी पाण्यात. पुढे छोटं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. काज-बटणं आणि तुरपाई मामीकडे. मूलबाळ नाही. दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारतात आणि त्यातच त्यांचा संसार झकास चालतो.

एका सकाळी मामाने कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, डोकं फुटतंय गं. मामीला वाटलं, नेहमीचं नाटक. गिऱ्हाइकाला दिलेला वायदा जवळ आला की मामाचं डोकं दुखतंच. आधी कपडे कापा, मग काय फुटायचंय ते फुटू दे, असं ती म्हणालीसुद्धा.

मामा टेबलावरच कोसळला.

मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं. पण मेंदूला खूप सूज होती, म्हणून डॉक्टरांनी कवटीचा कापलेला तुकडा परत बसवलाच नाही. सूज उतरली की बसवू म्हणाले. तोवर ते हाड हॉस्पिटलच्या फ्रीजरमध्ये. मामाच्या डोक्याला पांढरं बँडेज, आणि त्याच्या उजव्या बाजूला जाड पेनाने लिहिलेलं, 'इकडे हाड नाही'. कूस बदलताना त्या बाजूवर कोणी चुकूनही भार देऊ नये म्हणून.

मामी मला फोनवर म्हणाली, "लोकांच्या फ्रीजमध्ये मटार असतात. माझा नवरा ठेवलाय फ्रीजमध्ये, थोडासा."

ती हसली. मग घाईने फोन ठेवला.

मामा हळूहळू शुद्धीवर आला. नळ्या निघाल्या. तासातासाला सिस्टर यायची, डोळ्यांत बॅटरी मारायची, नाव विचारायची, माझी बोटं दाबा म्हणायची. उजवा हात दाबायचा. डावा नुसता पडलेला असायचा, ओल्या टॉवेलासारखा.

मग मामा बोलायला लागला. जीभ जड होती, पण माणूस तोच. पहिली चौकशी गिऱ्हाइकांची. मामीचा जीव भांड्यात पडला.

पण जीव भांड्यात फार वेळ राहिला नाही.

जेवणाच्या ताटातलं मामाने उजव्या बाजूचं तेवढं खाल्लं आणि म्हणाला, एवढंच दिलंय का? डाव्या बाजूला सगळं तसंच होतं. ताट फिरवलं तेव्हा कुठे त्याला दिसलं. दाढी केली ती अर्धीच. फिजिओ म्हणून एक तरुण मुलगी यायची, हातापायांचे व्यायाम घ्यायला. तिने कागद-पेन्सिल देऊन सांगितलं, काका, एक शर्ट काढून दाखवा. आयुष्यभर शर्ट कापलेला माणूस. त्याने उजवीकडची एक बाही काढली, अर्धी कॉलर काढली, बटणं काढली आणि कागद परत दिला. झाला म्हणाला.

मामीने तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं.

वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना सगळे 'मोठे सर' म्हणायचे. ते फेरीला आले की मागे शिकणाऱ्या डॉक्टरांचा घोळका. मामी त्याला सरांचं वऱ्हाड म्हणायची. सरांनी समजावलं, डोळा चांगला आहे, दिसतं सगळं, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच यांचा मेंदू विसरलाय. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की असं होतं. सुधारतं. पण त्यासाठी तुम्ही डावीकडेच बसायचं. डावीकडूनच बोलायचं. तो हात हातात घ्यायचा, त्यांना दाखवायचा, आणि सांगायचं, हा तुमचा हात आहे. शंभरदा सांगावं लागेल. कंटाळायचं नाही.

मामीने पलंगाच्या डावीकडे प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि बसली ती बसलीच.

त्या वॉर्डात एका पेशंटमागे एकच नातेवाईक. एकच पास. दुसरा माणूस आला, त्याच्या हातात पास दिला, की पहिला सुटला. याला तिथे सगळे 'बदली' म्हणायचे. कॉरिडॉरमध्ये सतत तेच बोलणं. तुमची बदली आली का? माझी संध्याकाळी येणार. डोळे तांबारलेली माणसं बदलीची अशी वाट बघायची की काय सांगावं. ज्यांची बदली उशीर करायची ते शेजाऱ्याला म्हणायचे, जरा आमच्याकडे बघता का, मी आलेच. शेजारी बघायचा. मग पुढच्या वेळी त्याचं हे बघायचे. कोणी कोणाला नाही म्हणायचं नाही. ओळख ना पाळख, पण त्या वॉर्डात हा शब्द पाळलाच जायचा.

मामीला बदली नव्हती. आम्ही सगळे लांबच्या गावी. मी दोन-चार दिवसांसाठी जाऊन आले तेवढंच. बाकी ती एकटी. खुर्चीत बसून झोपायची, खुर्चीत बसून जेवायची. पाय सुजून चपलांत मावेनात.

"हा हात कोणाचा?" मामा विचारायचा. उजव्या हाताने तो आपलाच डावा हात उचलायचा आणि बाजूला टाकायचा, कोणाची तरी विसरलेली पिशवी असल्यासारखा.

"तुमचाच आहे."

"माझा असता तर मला कळलं नसतं का?"

"मग कोणाचा?"

मामा थोडा विचार करायचा.

"त्या बाईंचा."

मामीने हे फेरीच्या वेळी सरांना सांगितलं. सरांना नवल वाटलं नाही. असंही होतं म्हणाले. कोणी म्हणतं हा हात भावाचा आहे, कोणी म्हणतं डॉक्टरांचा आहे. वऱ्हाडाने भराभर वह्यांत लिहून घेतलं. मामीला बरं वाटलं. ज्याला डॉक्टरकडे नाव आहे ते काही वाईट नसणार, असा तिचा हिशोब.

पण मामा त्या बाईंबद्दल बोलतच राहिला.

त्या बाई फार दमल्यात गं.

त्या बाई बसल्या बसल्या डुलक्या घेतात.

त्या बाईंना कोणी घरी का नाही पाठवत?

मामीला आधी हसू आलं, मग गहिवरून आलं. डावीकडच्या खुर्चीत बसून डुलक्या घेणारी बाई म्हणजे तीच की. तिला वाटलं, याला मी दिसतेय. ओळख पटत नाही, पण कुठेतरी दिसतेय, माझा थकवासुद्धा दिसतोय. इतक्या वर्षांत कधी मला दमलीस का म्हणून विचारलं नाही, त्यासाठी माणसाला डोकं उघडून घ्यावं लागलं... असं तिने मला फोनवर सांगितलं होतं. आवाजात आनंद होता.

मग ती दुपार आली.

जेवणं झाली होती. दुपारी वॉर्डात विश्रांतीची वेळ असते, पडदे ओढतात. मामी डबा धुऊन आली आणि सवयीने डावीकडे न जाता उजव्या बाजूला, मामाच्या उशाशी टेकली. पाठीला रग लागली होती, भिंतीला टेकावंसं वाटलं. बस, इतकंच कारण.

मामाने तिच्याकडे बघितलं. ओळखून हसला.

"बरं झालं इकडे आलीस," तो म्हणाला. "त्या बाईंना पण उठव. केव्हापासून तिथेच बसल्यात."

मामीने पलंगापलीकडे बघितलं.

खुर्ची रिकामी होती...

"कुठे बसल्यात?" तिने विचारलं.

मामाने मान वळवली. डावीकडे! ज्या बाजूला ताटातला घास दिसत नव्हता, फिजिओने टाळी वाजवली तरी ज्या बाजूला त्याची मान वळत नव्हती, त्या बाजूला तो आरामात वळला. खुर्चीकडे बघितलं. आणि मग मामाने जांभई दिली. समोरच्याने दिली की आपल्याला येते ना, तशी.

मामी म्हणते, मीही दिली. आवरलीच नाही.

पण आधीची जांभई दोघांचीही नव्हती. ती तिने ऐकली होती. लांबलचक, आवाज काढून दिलेली. पडद्याच्या आतून. खुर्चीच्या बाजूने.

मामी उठली आणि तडक सिस्टरच्या टेबलाशी गेली. या बेडवर आधी कोण होतं, असं तिने विचारलं. सिस्टरच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती म्हणाली, मावशी, या बेडवर इतके जण येऊन गेले, कोणाकोणाचं सांगू? काही बरे होऊन गेले, काही नाही. तुम्ही जरा चहा पिऊन या, तुमचा चेहरा बघा कसा झालाय.

मामी चहा प्यायली. परत आली. खुर्चीच्या पाठीला हात लावून बघितला. बसली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. इतके दिवस आपण याच खुर्चीत बसत होतो... मग आपण नक्की कुठे बसत होतो?

तिने तो विचार तिथेच सोडला. तिच्या डोक्यात दुसरी काळजी होती, आणि ती भुतापेक्षा मोठी होती.

मोठ्या सरांनी आदल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर एक विभाग आहे, तिथे दिवसभर व्यायाम घेतात, हात-पाय परत शिकवतात. पण खाटा मोजक्या. ज्याचा हात थोडातरी हलतो, त्यालाच तिथे घेतात, कारण त्याचाच उपयोग होतो. यांचा डावा हात अजिबात हलत नाहीये. पुढच्या मोठ्या फेरीपर्यंत नुसती बोटं मिटली तरी मी भांडून खाट मिळवतो. नाहीतर घरी न्यावं लागेल. मग घरी जेवढं जमेल तेवढं.

घरी म्हणजे काय, ते मामीला कळत होतं. एका हाताचा कापणारा म्हणजे न कापणारा. दुकान बंद, मामा खाटेवर, आणि भिंतीकडे बघत बसलेला. तो फार दिवस काढणार नाही, हे तिला आतून माहीत होतं. कामाशिवाय तो माणूसच नव्हता.

त्यानंतर तिने रात्रीचा दिवस केला. हात धरायची, चोळायची, सांगायची, हा तुमचा हात आहे, दाबा. हा तुमचा हात आहे, दाबा. मामा वैतागायचा. बाईंचा हात आहे, मी कसा दाबू?

फिजिओ मान हलवायची. हात थंडच.

फेरी उद्यावर आली.

पुन्हा दुपार. पुन्हा पडदे ओढलेले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं घोरणं, लांब कुठेतरी मशीनचं टुक टुक. मामी खाली फरशीवरच बसली होती, पलंगाच्या दांडीला डोकं टेकून. खुर्चीत ती आता बसत नव्हती. हातात मामाचा हात. तिला म्हणे उभं राहायचीही ताकद नव्हती. रडायचीसुद्धा नव्हती.

"हा तुमचा हात आहे," ती म्हणाली.

"त्या बाईंचा आहे," मामा झोपेत पुटपुटला.

आणि मामी हरली. सरांनी सांगितलं होतं, काहीही झालं तरी त्यांच्या म्हणण्याला हो म्हणायचं नाही. तिने हो म्हटलं.

ती रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "बाई, तुमचा असेल तर तुम्ही दाबा."

काही झालं नाही.

घोरणं थांबलं. मशीनचा आवाज येईनासा झाला, की तिलाच ऐकू येईनासा झाला, कोण जाणे. सगळं शांत...

आणि हाताने तिची बोटं दाबली.

फडफड नाही, झटका नाही. सावकाश, भरपूर, दमलेल्या बाईने दुसऱ्या दमलेल्या बाईचा हात दाबावा तसा.

मामी ओरडली नाही. मी तिला विचारलं, का नाही ओरडलीस? ती म्हणाली, अगं, मला इतकं बरं वाटलं. किती दिवसांत कोणी माझा हात धरला नव्हता.

आणि त्या बरं वाटण्याच्या भरात तिच्या तोंडून ते वाक्य गेलं. वॉर्डात दिवसातून दहादा ऐकलेलं, दहादा म्हटलेलं, तोंडात बसलेलं.

"बाई, आमच्याकडे जरा बघा," ती म्हणाली. "तुमच्या बदलीला मी येईन."

हाताने पुन्हा एकदा दाबलं. मग सोडलं.

खुर्चीचे पाय फरशीवर किंचित सरकले. बसलेल्या माणसाने जरा आरामशीर बसावं, तसा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी फेरी आली. सर, वऱ्हाड, फिजिओ, सगळे पलंगाभोवती. सरांनी आपली बोटं मामाच्या डाव्या मुठीत दिली आणि म्हणाले, दाबा. मामा सरांच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. मामीने पदर तोंडाशी धरला आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, बाई, दाबा.

बोटं मिटली.

सर खूश झाले. पोरांना म्हणाले, बघा, नातेवाइकांनी चिकाटी धरली की काय होतं ते. फिजिओच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी मामीचं कौतुक केलं. ती मान खाली घालून उभी राहिली. वरच्या मजल्यावर खाट मिळाली.

पुढचं सगळं चांगलंच झालं, आणि ते कसं झालं हे मामीला ठाऊक होतं. वर फिजिओ म्हणायची, काका, मूठ उघडा. मामी मागे उभी राहून पुटपुटायची, बाई, उघडा. काका, कप धरा. बाई, धरा. ती पुटपुटली नाही तर हात ढिम्म. ती दोन मिनिटं बाहेर गेली आणि परत आली, की फिजिओ म्हणायची, तुम्ही नसलात की काकांचा मूडच लागत नाही.

हळूहळू मामाला डावी बाजू दिसायला लागली. आधी ताट, मग दरवाजा, मग डावीकडे उभी असलेली मामी. बाईंचं नाव त्याने काढायचं सोडलं. एके दिवशी स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, नखं वाढलीत गं माझी. माझी म्हणाला! वॉर्डात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामीनेही वाजवल्या. तिला माहीत होतं, नखं त्याची असतील, हात अजून त्याचा नव्हता.

हाड परत बसवलं. टाके निघाले. मामा घरी आला. दुकान उघडलं. पहिला शर्ट कापला तेव्हा गल्लीतले चार लोक बघायला जमले होते. कात्री सरसर चालली. डाव्या हाताने कापड असं धरलं होतं की सुरकुती नाही.

मामी शेजारी स्टुलावर बसून बटणं लावत होती. ओठ हलत होते. बाई, धरा. बाई, सोडा. जरा पुढे घ्या.

लोकांना वाटलं, बाई नवऱ्यासाठी देवाचं नाव घेतेय.

असे कित्येक महिने गेले. विचार करा. तो जेवायला बसला की ही समोर. तो अंघोळीला गेला की ही दाराबाहेर. तो शर्ट घालतो की हिचे ओठ हलतात. बाजारात जायची सोय नाही, आजारी पडायची सोय नाही. मी फोन केला तर निम्मं लक्ष तिकडेच. मला वाटायचं, मामी म्हातारी झाली. ती नुसती दमली होती. हॉस्पिटल सुटलं, पण तिची खुर्ची काही सुटली नव्हती.

कोणाला सांगणार? मामाला सांगावं तर त्याचा उत्साह जाईल. सरांना सांगावं तर तिलाच भरती करतील.

शेवटी एक दिवस तिचा घसा बसला. ताप होता. शब्द फुटेना, ओठांतल्या ओठांतसुद्धा नाही. कामाचा ढीग पडलेला, मामा टेबलाशी उभा. ती घाबरून दारात येऊन बघत राहिली. आता हात गळून पडणार...

हात चालत होता.

कापड ताणून धरलेलं, सुरकुती नाही.

मामी तशीच आत जाऊन पडली आणि तापात, घामात, लहान मुलासारखी झोपली. तिला वाटलं, सुटले. हात त्याचा झाला. दुसऱ्या दिवशीही ती काही बोलली नाही. तिसऱ्याही. हात चालतच राहिला. महिनाभर ती खरोखर झोपली. गाल भरले. मामा म्हणाला, काय गं, तुला कुठलं टॉनिक लागू पडलं?

आणि मग एका दुपारी ती बाजारातून लवकर परतली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामा पाठमोरा, टेबलावर वाकलेला. आणि बोलत होता. हळू आवाजात, अदबीने. मामा आयुष्यात कोणाशी अदबीने बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"बाई, जरा सैल धरा... हां, असं."

मामीच्या हातातली पिशवी खाली गेली.

मामाने वळून बघितलं. कात्री खाली ठेवली. मग त्यानेच स्टूल पुढे सरकवलं आणि तिला बस म्हणाला.

त्याला पहिल्यापासून माहीत होतं. ती मागे उभी राहून पुटपुटायची ते त्याला ऐकू यायचं. हात आपला नाही, हे त्याला कळत होतं. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मामी इतकी आनंदात दिसली, तेव्हा त्यानेही माझा म्हणून टाकलं. आणि तिचा घसा बसला त्या दिवशी, तिला दारात तसं उभं बघून, त्याने पहिल्यांदा स्वतः सांगून बघितलं. हाताने ऐकलं.

"तू फार दमली होतीस," तो म्हणाला. "म्हटलं, एवढं तरी मी करावं."

मामी म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला त्याचं एवढं प्रेम कधी कळलं नव्हतं. ती रडली. त्याने उजव्या हाताने तिचे डोळे पुसले. डावा टेबलावरच होता. कापड धरून.

मग तिने विचारलं, "तुमच्याशी बोलतात का त्या?"

मामाने कात्री उचलली आणि परत ठेवली.

"रोज नाही."

"काय म्हणतात?"

"काही नाही गं."

"अहो, सांगा."

"दमले म्हणतात," मामा म्हणाला. "विचारतात, तुमची बायको बदलीला येते म्हणाली होती. कधी येणार?"

दुकानात घड्याळ चालू होतं. बाहेरून कोणाची तरी सायकल गेली.

"तुम्ही काय सांगता?"

"मी सांगतो, तीही फार दमलीय. तिला थोडे दिवस झोपू द्या."

"मग?"

"मग जांभई देतात," मामा म्हणाला, "आणि कापड धरतात."

इथे मामी थांबली. हातातलं बटण लावून झालं होतं. तिने दोरा दातांनी तोडला आणि पुढचा शर्ट ओढला. पुढच्या खोलीतून कात्रीचा आवाज येत होता.

मी विचारलं, मग आता काय करणार? मामी म्हणाली, करणार काय, शब्द दिलाय. त्या बाई किती वर्षं बसल्यात देव जाणे, त्यांची बदली आलीच नसेल कधी. बिचारीने आमचं बघितलं. मी नाही गेले तर ते बरं दिसेल का? पण एवढ्यात नाही. हे सांभाळून घेतायत तोवर घेतायत.

तिचा चेहरा भयंकर थकलेला होता. ज्या मामीने मला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं, ताप आला की उशाशी बसली, ती मामी. माझा जीव तुटला. कोणीही म्हणेल तेच माझ्या तोंडावर आलं. मामी, तू थांब, तुझ्याऐवजी मी...

पुढच्या खोलीतली कात्री थांबली.

मी ते वाक्य गिळलं.

मामीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं मी काय म्हणणार होते ते. आणि मी का गप्प बसले, तेही.

"बरं केलंस," ती म्हणाली.

कात्री पुन्हा चालू झाली. मी संध्याकाळच्या गाडीने घरी आले. तेव्हापासून मामीचा फोन आला की मी सगळं बोलते, सगळं विचारते. फक्त काही मदत हवी का, एवढं मला विचारवत नाही.